एकतीस मार्चचा कागद

ताई,

बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत मी सहा वर्षं काम करते. आईवडील ऊसतोडीला गेले की ६० मुलांना आम्ही हंगामभर ठेवून घेतो, म्हणजे त्यांची शाळा सुटत नाही. माझा हुद्दा निधी संकलन समन्वयक, पण प्रस्ताव, अहवाल, बिलं, मुलांचे दवाखाने असं सगळं माझ्याचकडे असतं.

पुण्याजवळच्या एका कंपनीनं यंदा सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, २४ लाख मंजूर केले. करार १ नोव्हेंबरपासूनचा. पहिला ८ लाखांचा हप्ता आला ९ जानेवारीला आणि उरलेले १६ लाख आले २१ मार्चला. २३ तारखेला त्यांच्या साहेबांचा फोन आला की पूर्ण २४ लाख खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, सीएच्या सहीनं, ३१ मार्चच्या आत पाठवा. आमचा पहिला हप्ता संपलाय. किराणा ३ लाख ६० हजार उधार आहे, दूध-भाजी ९५ हजार, इमारतीचं पाच महिन्यांचं भाडं सव्वा लाख. "आम्ही पगार देत नाही" असं कंपनीनं सुरुवातीलाच बजावलं होतं. त्यामुळे रेक्टर, स्वयंपाकाच्या दोन मावशी, दोन शिक्षक आणि वॉचमन यांचे चार महिन्यांचे ३ लाख ४४ हजार थकलेत. सगळं धरलं तरी २४ लाख होत नाहीत. आमचे संस्थापक सर म्हणतात, "देऊन टाक लिहून. पैसे मुलांवरच जाणारेत ना? आपण खातोय का?" मागच्या वर्षी मीच दोघांचे पगार 'शैक्षणिक साहित्य' या सदरात बसवले होते, ते मनातून जात नाही.

त्यात संभाजीनगरचे एक गृहस्थ मागे लागलेत. ५० लाख आणून देतो, १२ टक्के आधी द्या, आणि कंपनीतल्या माणसाचं 'थोडं परत' करावं लागेल, असं म्हणतात. सर विचार करतायत. आई म्हणते, बीएड कर, नोकरी धर, किती दिवस लोकांपुढे हात पसरणार? मलाही हल्ली भीक मागितल्यासारखंच वाटतं.

मुलीसारखी समजून सांगा.

— एक कार्यकर्ती

*

पोरी,

तुझं पत्र २४ ला रात्री मिळालं. तारीख तोंडावर होती म्हणून प्रमाणपत्रापुरतं उत्तर तुला त्याच रात्री कळवलं. बाकीचं इथे लिहिते आहे, कारण मार्च उजाडला की असं पत्र तुझ्या एकटीचं येत नाही.

२४ लाखांच्या त्या प्रमाणपत्रावर सही करू नकोस. त्याचा मसुदाही तुझ्या हातानं तयार होऊ देऊ नकोस.

साहेब एवढी घाई का करतायत ते आधी समजून घे, म्हणजे त्यांच्याशी बोलताना तुझा आवाज कापणार नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता निदान ५०० कोटी, उलाढाल निदान १००० कोटी किंवा निव्वळ नफा निदान ५ कोटी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. सुरुवातीची काही वर्षं खर्च झाला नाही तर अहवालात कारण लिहून भागत असे. जानेवारी २०२१ पासून ते बंद झालं. न खर्चलेली रक्कम ठरल्या मुदतीत ठरल्या खात्यात गेली नाही, तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातला कमी असेल तेवढा दंड होतो. जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा, रकमेच्या एक दशांश किंवा २ लाख, यातला कमी. म्हणजे साहेबांच्या मानेवरही सुरी आहे. ते वाईट माणूस असतील असं मला वाटत नाही. त्यांनी जानेवारीचा हप्ता ऑक्टोबरात दिला असता तर ही वेळ आली नसती, हे मात्र खरं.

आता यातली खरी मेख ऐक. तुमच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं कायदा मानत नाही. तुम्ही ते प्रत्यक्ष वापरले की मगच तो खर्च. पैसा ठरल्या कामासाठी आणि ठरल्या रीतीनं वापरला गेला, याची खात्री संचालक मंडळानं करायची आणि कंपनीच्या वित्त प्रमुखानं तसं प्रमाणित करायचं, असा नियम आहे. तुझ्या कागदाच्या जिवावर तो माणूस सही करतो. तुमचा सीएसुद्धा. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक लागतो, त्यावरून कोणीही तो कागद पडताळून पाहू शकतं. सर म्हणतात तसा तो 'लिहून द्यायचा कागद' आता राहिलेला नाही. तीन माणसांची आयुष्यभराची पत त्याच्यावर असते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. २०१६ मध्ये मी एका वस्तीत काम करत होते. एका देणगीदार कंपनीकडून ४०० दप्तरं यायची होती, आली २६०. उरलेली 'पुढच्या आठवड्यात येतील' म्हणून मी ४०० च्या वाटप यादीवर सही केली, कारण त्यांचं वर्ष संपत होतं. दप्तरं कधीच आली नाहीत. जून महिन्यात कंपनीकडून एक तरुण मुलगी पाहणीला आली. ती ऑफिसात बसलीच नाही, थेट नळावर गेली. तिथे भांडी घासणाऱ्या एका बाईला तिनं विचारलं, "तुमच्या मुलाला दप्तर मिळालं ना?" ती बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "कसलं दप्तर, ताई?" तिच्या मुलाचं नाव यादीत होतं आणि पुढे अंगठा होता. तो तिचा नव्हता. आमच्याच एका पोरानं 'कागद पूर्ण व्हायला' म्हणून उठवलेला. मी एक पैसा खाल्ला नव्हता. पण त्या नळावर हे मी कोणाला सांगणार होते? कंपनी गेली, तिच्यामागून आणखी दोन देणगीदार गेले, आणि ती बाई नंतर कधी आमच्या बैठकीला आली नाही. मला कंपनी गेल्याचं इतकं लागलं नाही, त्या बाईचं न येणं अजून लागतं.

'आपण खातोय का?' हे सरांचं म्हणणं मला कळतं, कारण तेव्हा मीही नेमकं हेच म्हणाले होते.

आता तुझ्या हिशोबाकडे येऊ. तुझे आकडे मी वहीत मांडून पाहिले. दिलेले ८ लाख, आणि किराणा, दूध-भाजी, भाडं मिळून उधारी ५ लाख ८० हजार. करार १ नोव्हेंबरपासूनचा आहे, म्हणजे ही उधारी त्याच कामाची, त्याच मुदतीतली, मंजूर सदरांतली आहे. ३१ च्या आत ती बँकेतून चुकती कर, पक्की बिलं आणि पावत्या घे. मग १३ लाख ८० हजारांचं प्रमाणपत्र तू ताठ मानेनं देऊ शकतेस. शेवटच्या आठवड्याचं धान्य आणि गॅस यांची भर पडेल तेवढी पडेल. किराणा दुकानदाराच्या वहीची पानंही झेरॉक्स करून ठेव. नोव्हेंबरपासून एकेका पोत्याची नोंद असलेली ती चुरगळलेली वही तुझ्या सगळ्या अहवालांपेक्षा खरी आहे. आणि त्या दुकानदाराचं नाव वार्षिक अहवालात घाल. पाच महिने बिनव्याजी उधार देणारा तुझा सगळ्यात मोठा देणगीदार यंदा तोच आहे.

उरलेल्या रकमेसाठी कायद्यात वाट आहे, आणि ती साहेबांना तूच दाखवायची आहेस. 'चालू प्रकल्प' अशी एक सोय नियमांत आहे. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारं काम त्यात बसतं. सुरुवातीला एकाच वर्षासाठी मंजूर झालेलं काम संचालक मंडळानं सबळ कारण देऊन पुढे वाढवलं, तरी तेही त्यात बसतं. तुमचं वसतिगृह दर हंगामाला लागणारच आहे, यापेक्षा सबळ कारण कुठलं? असं ठरलं की न खर्चलेले पैसे कंपनीनं वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलच्या आत, 'अनस्पेंट सीएसआर' नावाच्या वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर वापरायचे. कंपनीला दंड नाही, तुला खोटं लिहायला नको. त्यासाठी उरलेली रक्कम तुला कदाचित कंपनीला परत पाठवावी लागेल. पाठव. हातात आलेला पैसा परत करताना जीव किती तुटतो ते मला माहीत आहे. पण परत गेलेला पैसा त्या खात्यातून पुढच्या हंगामात मागता येतो. मंडळानं प्रकल्प वाढवायला नकार दिला, तर ती रक्कम सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या कायद्यानं नेमलेल्या निधीत जाईल आणि तुमच्या मुलांना मिळणार नाही. तसं झालं तर वाईट वाटेल, पण तरीही खोट्या बिलांपेक्षा मी तेच पत्करीन.

साहेबांना फोन करू नकोस, लेखी पाठव. मी तुला हा मजकूर दिला होता:

"आजपर्यंतचा प्रत्यक्ष खर्च आणि देय बिलं यांचा तक्ता सोबत जोडला आहे. दुसरा हप्ता २१ मार्च रोजी मिळाल्यामुळे संपूर्ण रकमेचा विनियोग ३१ मार्चपूर्वी शक्य नाही. झालेल्या खर्चाचं प्रमाणपत्र आम्ही मुदतीत देऊ. ऊसतोड हंगाम दरवर्षी असल्यानं हा प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून पुढे वाढवावा आणि शिल्लक रकमेबाबत तशी कार्यवाही करावी, ही विनंती."

एवढंच पाठव. त्यात माफी नको आणि रडगाणंही नको.

*

पगारांचं मला तुझ्या बाकीच्या प्रश्नांपेक्षा जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपण संस्थावाले वर्षानुवर्षं स्वतःचंच नुकसान करत आलो आहोत.

"आम्ही पगार देत नाही, नियमात फक्त ५ टक्के प्रशासकीय खर्च बसतो." हे वाक्य मी निदान पन्नास बैठकांत ऐकलं आहे आणि ते चुकीचं आहे. २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीनं स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून नियमातच बाहेर काढलेला आहे. तुमच्या मावशी कंपनीचा कारभार चालवत नाहीत. त्या पहाटे चारला उठून ६० मुलांच्या भाकरी थापतात. तो थेट प्रकल्पाचा खर्च आहे. शिक्षकाचा पगारही प्रकल्पाचाच खर्च, आणि रात्री तापलेल्या पोराला मोटारसायकलवर घालून ग्रामीण रुग्णालयात नेणाऱ्या वॉचमनचाही. कंपनीनं ज्वारीचे पैसे द्यायचे आणि भाकरी भाजणाऱ्या हातांचे द्यायचे नाहीत, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. ती त्या त्या कंपनीची स्वतःची धोरणं आहेत, आणि धोरण बोलून बदलता येतं.

पण बोलायचं कोणी? आपल्याकडे संस्थेत काम म्हणजे त्याग, असं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट सांगताना माझा आजही गळा दाटतो. पण लक्ष्मीबाईंनी स्वतःचं दिलं होतं, स्वतःच्या मनानं. तुमच्या मावशींना कोणी विचारलं का, की बाई, चार महिने पगाराशिवाय राहशील का? त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांनी देणगी दिली असं होत नाही. त्यांची स्वतःची मुलंही शाळेत असतील. ६० मुलांसाठी उभं केलेलं काम दोन बायांच्या थकलेल्या मजुरीवर चालत असेल, तर ते सरांना बसवून, कोषाध्यक्षांच्या समोर, स्पष्ट सांगण्याची हिंमत तुला करावी लागेल.

तर त्याच पत्राबरोबर कंपनीला दुसरी विनंती कर, की मंजूर रकमेत अंतर्गत बदल करून प्रकल्पावरच्या सहा जणांचं मानधन नोव्हेंबरपासून धरावं. त्यांनी ३१ च्या आत लेखी मान्यता दिली तर हे ३ लाख ४४ हजारही खर्चात येतील आणि आकडा १७ लाख २४ हजारांवर जाईल. साहेबांनाही तेच सोयीचं आहे, हे त्यांच्या लक्षात आणून दे. मान्यता मिळेपर्यंत मात्र त्या पैशातून पगार काढू नकोस, कितीही वाटलं तरी.

मागच्या वर्षीचं ते 'शैक्षणिक साहित्य' तुला झोपू देत नाही, हे वाचून मला तुझी काळजी वाटली नाही, तुझ्यावर विश्वास बसला. ते चूक होतं. आता लपवून ठेवू नकोस. आधी तुमच्या सीएला सांग, मग विश्वस्तांच्या बैठकीत नोंदव, आणि कंपनीला दुरुस्त तक्ता पाठव. पैसे माणसांना मिळाले, पावत्या आहेत, फक्त सदर चुकीचं होतं, असं सरळ लिही. साहेब चिडतील. पण तू स्वतःहून सांगणं वेगळं आणि त्यांच्या लेखापरीक्षकानं शोधून काढणं वेगळं.

पुढच्या वर्षीचा प्रस्ताव एप्रिलमध्येच लिहायला घे. तुमचं वर्ष कंपनीच्या वर्षाशी जुळत नाही, हे या सगळ्याचं मूळ आहे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली माणसं दसरा-दिवाळीला गाडीत बसतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. कंपनीचं आर्थिक वर्ष नेमकं तुमची मुलं घरी जायच्या सुमारास संपतं. पुण्यात एसी खोलीत बसलेल्या माणसाला हे आपोआप कळणार नाही, कळायचं कारणही नाही. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर गाळप हंगामाचे महिने लिही. पहिला हप्ता १ ऑक्टोबरच्या आत आणि निम्म्याहून मोठा, दुसरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अशी अट करारातच घाल. सहा जणांचं मानधन नावानिशी कामासकट दाखव. यंदाचे २४ लाख भागिले ६० मुलं म्हणजे मुलामागे हंगामाला ४० हजार. मानधन उघड धरल्यावर तो आकडा वाढला तर वाढू दे, लाजू नकोस. खर्च कमी दाखवून पैसे मिळवणारी संस्था शेवटी तो फरक कोणाच्या तरी ताटातून काढते.

फोटोंचं तू लिहिलं नाहीस, पण कंपनीचा फलक हातात धरून मुलांना रांगेत उभं करायला सांगतातच, म्हणून सांगते. इमारतीला, भांड्यांना, गाडीला कंपनीचं नाव खुशाल द्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले तेव्हा त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव विद्यापीठाला दिलं गेलं, आणि शंभर वर्षांनंतरही त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. नाव देणं हा जुना आणि सरळ व्यवहार आहे. मुलाच्या गळ्यात मात्र पाटी नको. ते पोर उद्या वीस वर्षांचं होईल आणि तो फोटो कुठेतरी असेल.

*

संभाजीनगरच्या गृहस्थांना नाही म्हण. ५० लाखांचे १२ टक्के म्हणजे ६ लाख, यंदाची तुझी सगळी किराणा-दूध-भाड्याची उधारी फिटून वर उरतील एवढे. ते कुठल्या सदरात दाखवणार? 'सल्लागार शुल्क' म्हणून खोटं बिल घेणार. आणि 'थोडं परत' म्हणजे चेकनं आलेले पैसे रोखीनं परत द्यायचे, त्यासाठी आणखी खोटी बिलं. यात संस्थेचा करमाफीचा दर्जा जाऊ शकतो, विश्वस्तांवर गुन्हा होऊ शकतो, आणि तुझ्या सहीचे कागद असतील तर तुझ्यावरही. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तुमच्यासारख्या जुन्या, स्वच्छ, नोंदणी असलेल्या पण पैशानं अडलेल्या संस्था हेरून तो क्रमांक वापरायला मागणारी माणसं तेव्हापासून गावोगाव फिरतायत. त्यांना तुमची मुलं नको असतात, तुमचा क्रमांक हवा असतो. सरांना हे असंच सांग.

सगळे सल्लागार असे नसतात हेही खरं. प्रस्ताव लिहून देणारी, कंपन्यांची माहिती असणारी चांगली माणसं आहेत. ठरलेली फी घेतात, करार करतात, पक्कं बिल देतात, पैसे मिळोत न मिळोत त्यांच्या कामाचे घेतात. अशा कोणाची मदत घेतलीस तर माझी हरकत नाही. येणाऱ्या रकमेवर टक्का मागितला की उठायचं.

आणि एकाच कंपनीवर साठ ताटं ठेवू नकोस. हे बोलणं सोपं आहे, करायला तीन-चार वर्षं लागतात, मला माहीत आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे तुमच्याच तालुक्यातले शेकडो लोक आहेत, ज्यांचे आजोबा-आजी कोयता घेऊन गेले होते. त्यांच्याकडे जा. एका मुलाचा एका महिन्याचा खर्च, एवढंच माग. त्यांना ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीची, सवलत सांगून पटवत बसू नकोस. २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच मुळात लागू धरली जाते आणि तिच्यात ८०जी ची वजावट नाही. ज्यांनी जुनी प्रणाली निवडली आहे त्यांना मात्र पावती नीट दे, आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण मुदतीत भर, म्हणजे त्यांना देणगीचं प्रमाणपत्र मिळेल. २ हजारांच्या वर रोख घेतलीस तर त्यांना वजावट मिळत नाही, हेही आधी सांग. परदेशातल्या गाववाल्यांकडे गेलीस तर पासपोर्ट विचार. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भावाचेही पैसे मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि इथे चांगल्या चांगल्या संस्था अडकल्यात.

*

राहिलं भीक मागितल्यासारखं वाटण्याचं.

धोंडो केशव कर्व्यांनी तरुणपणी आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला होता. बारीक बारीक वर्गणीतून जमवलेला. पुढे हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी आणि महिला विद्यापीठासाठी तो माणूस दारोदार फिरला, सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेपर्यंत गेला. त्यांच्या मागण्यात लाचारी नव्हती, कारण कोणासाठी मागतो आणि त्याचं काय करतो, हे ते पैशापैशाचा हिशेब देऊन सांगत. तू १६ लाखांपुढे गप्प बसलीस, म्हणून तुला हात पसरल्यासारखं वाटतंय. खरा खर्च लपवून, पगार दुसऱ्या सदरात दडवून मागावं लागलं की माणूस आतून वाकतो. वहीत आहे तसं मांडून मागितलंस तर समोरचा फार तर नाही म्हणेल.

आईला दोष देऊ नकोस. तिला तुझा पगार वेळेवर येत नाही ते दिसतंय आणि तिचं बरोबर आहे. थकलेल्या सहा पगारांमध्ये तुझा सातवा तू धरलाच नाहीस, पत्रात त्याचा उल्लेखही नाही. पुढच्या प्रस्तावात तो घाल. बीएड करावंसं वाटलं तर जरूर कर, शिकलेलं कुठे जात नाही. पण या मार्चच्या धसक्यानं ठरवू नकोस. मुलं घरी गेली, मे महिना शांत गेला, की मग बघ.

सर ऐकतील असं मला वाटतं. इतकी वर्षं ६० मुलं सांभाळणारा माणूस वाईट नसतो, दमलेला असतो. त्यांच्याशी भांडू नकोस, तक्ता पुढे ठेव. तरीही त्यांनी २४ लाखांच्या कागदावर सही केलीच, तर तुझं म्हणणं विश्वस्तांना लेखी देऊन ठेव आणि त्यानंतर तिथे राहायचं की नाही ते ठरवायला मला पुन्हा लिही. तेव्हा आपण वेगळं बोलू.

आज दुकानदाराचं आणि घरमालकाचं चुकतं कर. आणि कंपनीकडून मानधनाच्या मान्यतेचं उत्तर काय आलं, मावशींच्या हातात पगार कधी पडला, तेवढं मला कळव. मी वाट बघते आहे.

— तुझी ताई